सातवी तबकडी

"मेघना, घाई कशाला करतेस? राहिलेल्या उद्या भरू की," इंदूताई पाण्याच्या कुंडापाशी उभ्या राहून म्हणाल्या.

"चार वाजता निमकर सर पाहुण्यांना घेऊन येणार आहेत. त्याच्या आत बाराच्या बारा तबकड्या डब्यांत गेल्या पाहिजेत."

"पाहुण्यांना काचेपलीकडून काय दिसणार आहे? डबे भरलेले काय नि रिकामे काय, सारखेच."

त्यांचं म्हणणं खरं होतं. पण मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, मोहिमेच्या नमुन्यांची सगळी जबाबदारी माझ्यावर होती, आणि पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. मी घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते.

आमची संस्था पुण्याबाहेर एका टेकडीवर होती. 'रविकण' मोहिमेचं यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर दूर, सूर्याच्या बाजूला, दोन वर्षं उभं होतं. सूर्यातून सतत बाहेर उधळणारे कण, म्हणजे सौरवारा, वेचून आणायचा एवढंच त्याचं काम. त्यासाठी तळहाताएवढ्या साठ तबकड्या त्याने उन्हात धरून ठेवल्या होत्या. सूर्याचे कण त्यांत घुसून रुतून बसले होते, तेही किती खोल, तर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतके. मग कुपी बंद झाली, परत निघाली आणि छत्रीला लटकत वाळवंटात अलगद उतरली. त्या दिवशी संस्थेत लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले होते. मीही रडले होते.

साठांपैकी बारा तबकड्यांवर सोन्याचा मुलामा होता. सूर्यात सोडियम किती आहे, हे या बाराच सांगू शकणार होत्या. आणि सोडियमची गंमत अशी की ते सगळीकडे असतं. घामात, थुंकीत, श्वासातल्या थेंबात. बोटाचा एक ठसा उमटला तर त्यातलं मीठ सूर्याच्या दोन वर्षांच्या कमाईपेक्षा हजारो पटींनी जास्त भरतं. म्हणून तर ती क्लीनरूम होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर मास्क, हातात मोज्यांचे दोन जोड. खोलीबाहेर पाऊल टाकलं की परत येताना वरचा जोड बदलायचा. ही नियमावली मी स्वतः लिहिली होती. मोजे न बदलता आत आलेल्या एका सहकाऱ्याला मी सगळ्यांदेखत इतकं बोलले होते की त्याने दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली.

इंदुमती वाघमोडे म्हणजे आमच्या इंदूताई तिथे छत्तीस वर्षं होत्या. बाविसाव्या वर्षी काचेची भांडी धुवायला लागल्या, नोकरी करता करता बाहेरून बी.एस्सी. झाल्या, आणि पुढे असं नाव झालं की बाहेरगावच्या प्रयोगशाळा आपली नाजूक उपकरणं स्वच्छ करायला त्यांच्याकडे पाठवत. प्रत्येक तबकडी त्या अतिशुद्ध पाण्याने तीनदा धूत. "तीन पाण्यांतून काढल्याशिवाय मी तांदूळसुद्धा शिजवत नाही," असं हसत म्हणत. बाराही तबकड्या त्यांनी सकाळी धुऊन वाळत ठेवल्या होत्या. आता त्या उचलून एकेका डब्यात ठेवायच्या, हे काम माझं. हवा ओढून धरणारी पेनासारखी एक नळी असते, तिने तबकडी मागच्या बाजूने उचलायची. हात लावायचा नाही.

सहावी ठेवून झाली आणि बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. आमचे संचालक निमकर सर यांचा असणार म्हणून मी गेले. त्यांचाच होता. "सगळं तयार ना? पाहुणे साडेतीनलाच येतायत." मी हो म्हटलं. फोन ठेवताना कळलं की मास्कच्या आत घामाच्या धारा लागल्यात. मी मास्क खाली ओढला, डाव्या हाताच्या पाठीने आणि बोटांनी ओठांवरचा घाम पुसला, मास्क वर घेतला आणि आत आले.

मोजे बदलले नाहीत. विसरले असं मी पुढे बराच काळ स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे दारातल्या मोज्यांच्या खोक्याकडे माझी नजर गेली होती. चार मिनिटं वाचतील, हात तर लावायचाच नाहीये, असा विचार मी केला होता.

सातवी तबकडी मी नळीने उचलली. डब्यापाशी आणली. तेवढ्यात नळीची ओढ सुटली. का सुटली कोण जाणे, मी घाईत नीट टेकवली नसेल. तबकडी निसटली आणि माझ्या डाव्या हाताने ती पकडली. मी ठरवून नाही पकडली, हातानेच पकडली. तीन बोटं सोन्यावर आणि अंगठा खाली.

इंदूताई पाठमोऱ्या होत्या, वहीत काही लिहीत होत्या. आवाज आला म्हणून त्यांनी न वळताच विचारलं, "काय गं, काही झालं का?"

"काही नाही," मी म्हणाले.

मी तबकडी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. मग वरचे मोजे काढून नवे घातले आणि आठवी उचलली. साडेतीनला पाहुणे आले, काचेपलीकडून हात हलवून गेले. इंदूताई म्हणाल्या तसंच झालं. कोणी डब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

दीड महिन्याने पहिली तपासणी ठरली. तपासणीत तबकडी खर्ची पडते, म्हणून बारांतली एकच घ्यायची होती. कोणती ते चिठ्ठी टाकून ठरवलं. निमकर सरांनी चिठ्ठी उघडली आणि म्हणाले, "सात." मी मान डोलावली. अजून वेळ गेली नव्हती. "सर, सातवी नको, माझा हात लागलाय," एवढं एक वाक्य. एक तबकडी बाद झाली असती, मला चार शब्द ऐकावे लागले असते, विभागप्रमुखाची जागा कदाचित गेली असती. ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

निकाल आला. सोडियम इतकं भरलं की यंत्रच बिघडलंय असं आधी सगळ्यांना वाटलं. मग चौकशी समिती बसली. निमकर सर आणि बाहेरून आलेले दोघे. इंदूताईंना बोलावलं तेव्हा मीही तिथेच होते.

"तबकड्या तुम्ही धुतल्यात?"

"हो साहेब. तीन पाण्यांनी."

"वहीत बाराही तबकड्यांच्या खुणा एकाच शाईत, एकाच झपाट्यात केलेल्या दिसतात."

"मी खुणा शेवटी एकदम करते साहेब. ओल्या हाताने मध्ये वही धरत नाही."

"म्हणजे सातव्या तबकडीला तिसरं पाणी दिलं, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"दिलंच असणार. देतेच मी."

"दिलंच असणार, की दिलं?"

छत्तीस वर्षांत इंदूताईंना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मदत मागण्यासाठी नव्हे. त्या आठवण्याचा प्रयत्न करत होत्या आणि त्या दिवशी त्या खोलीत दुसरं माणूस मीच होते.

"सातवीचं वेगळं असं..." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वेगळं असं नाही आठवत साहेब."

मग मला विचारलं, "डॉक्टर सरपोतदार, हाताळताना काही?"

"नाही सर. सगळं नियमाप्रमाणे."

दोष धुण्यात आहे असं ठरलं. उरलेल्या अकरा तबकड्या त्याच दिवशी, त्याच पाण्याने, त्याच हातांनी धुतलेल्या, म्हणून त्याही संशयित धरल्या आणि कपाटात कुलूपबंद केल्या. दुसरी तबकडी तपासू नये असं ठरलं. इंदूताईंची क्लीनरूममधून भांडारात बदली झाली. तिथे खिळे, वायरी आणि खोके मोजत त्यांनी उरलेली दोन वर्षं काढली आणि निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मी गावी गेले होते. तशी रजाच घेतली होती. मी विभागप्रमुख झाले होते.

चौकशीला अशी नऊ वर्षं होऊन गेली.

संस्थेत नव्या संचालक आल्या, डॉक्टर प्राची वैरागडे. वयाने माझ्याहून लहान, डोक्याने तल्लख. त्यांनी जुन्या फायली काढल्या आणि मला बोलावलं. "मॅडम, पृष्ठभाग साफ करायची आता नवी पद्धत आहे. त्या अकरा तबकड्या पुन्हा काढू या का? पण आधी कोणत्या पाण्याने, किती वेळ, कसं धुतलं ते बारकाईने कळायला हवं. वाघमोडेबाई सासवडला असतात म्हणे. तुमची ओळख आहे. तुम्हीच जाऊन विचारून याल?"

मी गेले. कबुली द्यायला नव्हे, हे स्पष्ट सांगते. माहिती विचारायला गेले. पर्समध्ये प्रश्नांची यादी होती.

इंदूताई पडवीत पावटे सोलत बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला पाहून इतक्या पटकन उठल्या की मांडीवरचे पावटे खाली सांडले.

"मेघना! अगं, आधी कळवायचंस तरी. ये, बैस. चहा टाकते." आणि आत वळून लेकीला, "वैजू, चहा टाक गं." मग माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. "मी गॅसपाशी जात नाही फारशी."

मी पावटे गोळा करायला खाली बसले. त्याही समोर बसल्या. मी यादी काढणार तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बरं झालं तू आलीस. तुला एक सांगायचं राहिलंय. पत्र लिहीन लिहीन म्हणत होते, पण धीर झाला नाही."

मला वाटलं, यांना माहीत आहे.

"सातवीला तिसरं पाणी दिलं नव्हतं मी," इंदूताई म्हणाल्या. "चौकशीत 'आठवत नाही' म्हणाले होते ते खोटं नव्हतं. पण नंतर खूप विचार केला. रोज केला म्हण ना. सहावीपर्यंत डोळ्यांसमोर दिसतं, आठवीही दिसते. सातवी दिसतच नाही. म्हणजे चुकलंच असणार. तुझी सहा वर्षांची मेहनत माझ्या एका विसरण्याने मातीत गेली. मला माफ कर, पोरी."

मी खाली बघत पावटे वेचत राहिले. त्यांना वाटलं मी रागावले आहे.

"माझ्या आईला विसरायचं दुखणं होतं," त्या समजावणीच्या सुरात सांगू लागल्या. "शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती. तेच मला लागलं, असं तेव्हाच कळायला हवं होतं मला. आपणहून काम सोडलं असतं तर तुझं नुकसान टळलं असतं. नंतर मात्र मी फार जपले. वैजूचं बाळंतपण इथेच झालं. पहिलटकरीण पोर, तिची इच्छा की बाळाला आजीनेच न्हाऊ घालावं. मी हात लावला नाही. पाणी कढत आहे की कोमट हेच बघायचं विसरले तर? बाई लावली. वैजू रुसली, महिनाभर धड बोलली नाही. तिला कारण कसं सांगणार? आई वेडी होत चाललीय म्हणून?"

आतून वैजू चहा घेऊन आली, दोन कप ठेवून गेली. इंदूताईंनी कप माझ्यापुढे सरकवला.

"इंदूताई," मी म्हणाले, "तुम्ही तिसरं पाणी दिलं होतं."

"तू कशाला माझी समजूत घालतेस?"

"समजूत नाही घालत. सातवी माझ्या हातातून सुटली होती. मी बाहेर जाऊन घाम पुसून आले होते, मोजे बदलले नव्हते. याच हाताने पकडली ती. तुम्ही विचारलंत, काही झालं का. मी काही नाही म्हटलं."

इंदूताई माझ्या हाताकडे बघत राहिल्या. अंगणात कोणाचीतरी कोंबडी पावट्याच्या टरफलांत चोच मारत होती.

"म्हणजे दिलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी विसरले नव्हते."

"नाही."

त्यांनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं त्या रडतील, पण त्या रडल्या नाहीत. पदर खाली आला तेव्हा त्यांचा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता असा झाला होता.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"समिती बसली तेव्हाही?"

"हो."

"मी एक गोष्ट कधी समजू शकले नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मी निमकर साहेबांना दोनदा चिठ्ठी पाठवली होती. एवढंच लिहिलं होतं, की दुसरी कोणतीही तबकडी काढून बघा. पाणी वाईट असेल तर ती पण खराब निघेल. ती चांगली निघाली तर दोष पाण्यात नाही. इतकी साधी गोष्ट. एवढ्या शिकलेल्या माणसांना सुचली कशी नाही?"

"सुचली होती," मी म्हणाले. "बाहेरून आलेल्यांपैकी एकजण तेच म्हणाले होते. तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर. सरांनी माझं मत विचारलं. मी म्हटलं, त्याच पाण्याने धुतलेली, आणखी एक तबकडी वाया घालवू नये."

"का म्हणालीस?"

"ती चांगली निघाली असती तर सगळ्यांनी पाणी सोडून हाताकडे पाहिलं असतं."

हे वाक्य मी याआधी कधी मनातसुद्धा पूर्ण केलं नव्हतं. हात लागला तो घाईत लागला, 'काही नाही' म्हटलं ते घाबरून म्हटलं, असं मी स्वतःला नऊ वर्षं सांभाळून घेतलं होतं. पण त्या बैठकीत मी घाबरलेली नव्हते. शांतपणे, मुद्देसूद बोलले होते. निमकर सरांनी माझं कौतुकही केलं होतं.

इंदूताई उठल्या. आतून एक कागद आणि पेन घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवलं.

"लिही. संचालकांना."

मी चहाचा कप बाजूला केला आणि पडवीच्या फरशीवर बसूनच लिहिलं. अर्धं पान झालं. वाचून दाखव म्हणाल्या, म्हणून वाचलं. "सातवी तबकडी हाताळताना माझ्या हातून चूक झाली. चौकशीच्या वेळी ती सांगायची राहून गेली. त्यामुळे श्रीमती वाघमोडे यांच्यावर..."

"थांब," त्या म्हणाल्या. "तबकडी निसटली ती चूक. तशी कोणाच्याही हातून होते, माझ्याही झाली असती. पण सांगायची राहून कशी गेली? कपडे वाळत घालायचे राहून जातात तशी?"

मी ते खोडलं आणि वर लिहिलं, 'चौकशीत मी खोटं बोलले.'

"आणि दुसरी तबकडी?"

मी लिहिलं, 'दुसरी तबकडी तपासू नये असं मी मुद्दाम सुचवलं.' 'मुद्दाम' या शब्दाशी पेन थांबलं होतं. त्यांनी घाई केली नाही. वाट पाहिली.

सही करून मी उठले आणि नमस्काराला वाकले. इंदूताईंनी पाय मागे घेतले.

"नको," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आधी पत्र पोचू दे. आणि तुझी ती यादी काढ बघू. पाण्याचं काय विचारायचं होतं ते विचार, आलीसच आहेस तर."

मी विचारलं. त्यांनी एकेक उत्तर दिलं. पाण्याचं तापमान, किती वेळ, कोणत्या हाताने कसं फिरवायचं, सगळं नऊ वर्षांनी जसंच्या तसं. सांगता सांगता त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. एकदा मध्येच थांबल्या, स्वतःशी मान हलवली आणि पुढे सांगू लागल्या.

त्याच संध्याकाळी पत्र मी वैरागडेबाईंच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "मॅडम, 'मुद्दाम'च्या जागी 'अनवधानाने' चालेल का? तुमचं निवृत्तिवेतन, संस्थेचं नाव..." मी नको म्हटलं. मोठेपणा म्हणून नव्हे. तो शब्द इंदूताईंसमोर लिहिलेला होता, आता एकट्या माझा नव्हताच, मला तो बदलायचा अधिकार नव्हता.

माझं पद गेलं, मग नोकरीही सोडली. इंदूताईंना संस्थेने लेखी माफीपत्र दिलं. आणि तीन महिन्यांनी कपाट उघडलं तेव्हा पहिली तबकडी धुण्यासाठी वैरागडेबाईंनी त्यांनाच बोलावलं. त्या दिवशी मला कोणी बोलावलं नव्हतं. राहिलेले कागद परत करायचं निमित्त काढून मी गेले आणि बाहेरच्या वाटेत काचेपाशी उभी राहिले.

आत चार पांढरे झगे होते. चेहरे झाकलेले, तरी इंदूताई लगेच ओळखू आल्या. सदुसष्ट वर्षांचे ते हात पाण्याखाली तबकडी फिरवत होते आणि बाजूला उभी असलेली तरुण मंडळी श्वास रोखून पाहत होती. अकराच्या अकरा तबकड्या स्वच्छ निघणार होत्या. सूर्यातल्या सोडियमचा आकडा नऊ वर्षांपूर्वीच मिळाला असता. पण हे त्या दिवशी अजून कोणालाच माहीत नव्हतं.

तबकडी वाळत ठेवून त्या वळल्या आणि त्यांना काचेपलीकडे मी दिसले. मास्कच्या वर फक्त डोळे होते. त्यांनी मला ओळखलं. मी हात वर केला, अर्धवट, छातीपर्यंत. त्यांनी क्षणभर पाहिलं, मग वही ओढून घेतली, त्या एका तबकडीपुढे खूण केली आणि दुसरी उचलली.